उसनं नाक

देवाने माणसाला नाक कशासाठी दिलं, याचा माझ्या मामेसासऱ्यांइतका सखोल विचार आजवर कुणी केला नसेल, आणि त्या विचाराला त्यांच्याइतका अपात्र माणूसही दुसरा सापडणार नाही. त्यांचं स्वतःचं नाक फक्त चष्मा ठेवायच्या उपयोगाचं होतं. दिसायला म्हणाल तर लांब, सरळ, एखाद्या सरदाराच्या तसबिरीत शोभेल असं. पण आतला कारभार ठार बंद. लहानपणी कोकणात त्यांना विषमज्वर झाला, आणि तो ताप उतरला तो वास घ्यायची शक्ती बरोबर घेऊन गेला. तेव्हापासून हापूस आणि रॉकेल, मोगरा आणि सुकट, त्यांना सगळं सारखं. दुसरा एखादा माणूस याचं दुःख करत बसला असता, नाहीतर विसरून गेला असता. मामांनी यातलं काहीच केलं नाही. आपल्याला नाक नाही ना, मग ज्यांना आहे त्यांचं वापरायचं, असा साधा व्यवहार त्यांनी ठरवून टाकला आणि अख्ख्या चाळीकडे ते आयुष्यभर नाक उसनं मागत राहिले.

मी लग्न होऊन गिरगावातल्या त्या चाळीत आले तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ ऐन भरात होती. पहिल्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. सासूबाई, हे आणि मी. गॅलरीच्या टोकाला सासूबाईंच्या या धाकट्या भावाची एक खोली. वय पन्नाशीच्या आसपास, लग्न केलेलं नाही, स्वयंपाक स्वतःच्या हाताने. नव्या सुनेला बायका उखाणा घ्यायला लावतात, पण उंबरठ्यावरचं माप ओलांडून मी जेमतेम पाटावर टेकते तोच मामा तीन पुड्या घेऊन पुढे आले आणि म्हणाले, "सूनबाई, डोळे मीट आणि सांग." पहिल्या पुडीत हिंग होता, दुसरीत कापूर. तिसरीत काय आहे ते मला काही केल्या ओळखता येईना, आणि साऱ्या बायका माना वेळावून बघतायत. ती नुसती माती निघाली. मामांनी मान हलवून दुसरा वर्ग जाहीर केला, वर सुधारणेला वाव आहे असा दिलासाही दिला. त्या चाळीत दुसरा वर्ग म्हणजे चांगलंच होतं, हे मला मागाहून कळलं. माझ्या यजमानांचं नाक 'कामचलाऊ' होतं, आणि सासूबाईंना बारमाही सर्दी असल्यामुळे त्यांचं नाक कायमचं रजेवर धरलेलं होतं.

रोज सकाळी मामा हातात पातेली घेऊन दारोदार हिंडायचे. "ही आमटी अजून माणसांत आहे का, बघ जरा." दूध, ताक, रात्रीचा भात, सगळ्याची अशी वरात निघायची. चाळीतल्या बायका बिचाऱ्या सरळ सांगायच्या, पण तळमजल्यावर एक गृहस्थ राहायचे, सभांमधून भाषणं करायचे म्हणून आम्ही त्यांना पुढारी म्हणायचो, त्यांनी एकदा मामांचं ताजं श्रीखंड नासलंय असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं आणि टाकून देतो म्हणून घरी नेऊन खाल्लं. ते उघडकीला आलं तेव्हा सगळी चाळ मामांच्या वतीने चिडली. मामा मात्र शांत होते. "श्रीखंड गेलं, गेलं. एवढ्याने माणूस मरत नाही," एवढंच ते म्हणाले. हे त्यांचं पालुपद होतं. जगातल्या सगळ्या संकटांना ते हा एकच गज लावायचे, माणूस मरतो की नाही मरत. नाही ना मरत, मग सोडून द्या.

अशा माणसाला नोकरी कुठे मिळावी, तर अत्तराच्या पेढीवर. भुलेश्वरच्या बाजूला एका शेटजींची ती पेढी होती. तिथे येणारा प्रत्येक गुमास्ता महिनाभरात डोकं धरून पळून जायचा, कारण दिवसभर केवडा, हिना आणि गुलाबाच्या भपकाऱ्यात बसणं हे काही खायचं काम नव्हे. मामा तिथे वर्षानुवर्षं सुखाने बसले. शेटजी त्यांना रत्न मानायचे. फक्त मामांना एक कधीच कळलं नाही, की त्या पेढीतल्या साऱ्या बाटल्यांचा वास त्यांच्या कोटात मुरला होता. मामा संध्याकाळी चाळीच्या कोपऱ्यावर वळले की वरच्या मजल्यावरच्या बायका पातेली उतरवायला घ्यायच्या, मामा आले म्हणजे सहा वाजून गेले. आम्ही कुणी त्यांना हे सांगितलं नाही. स्वतःच्या वासाचा पत्ता नसलेल्या माणसाला तो सांगायचा तरी कसा?

पण ही सगळी थट्टा गॅसपाशी येऊन थांबायची. त्या काळी सिलिंडर वगैरे नव्हते. दगडी कोळशापासून काढलेला गॅस लोखंडी नळांतून शहराच्या काही भागांत यायचा, त्याच्यावर रस्त्यांतले दिवे जळायचे आणि काही घरांतल्या चुलीही. आमच्या चाळीत तो दोनच ठिकाणी होता, एक वर घरमालकांकडे आणि एक मामांच्या खोलीत, कारण मामांच्या आधी तिथे राहणाऱ्या एका हौशी गृहस्थांनी तो घेतलेला होता. जिन्याखालच्या मीटरपासून नळ जिन्याच्या भिंतीवरून वर चढायचा आणि पहिल्या मजल्यावर त्याची एक फांदी मामांकडे वळायची. हा गॅस भलता विषारी. त्याला डांबर आणि सडलेलं अंडं यांच्या मधला एक उग्र दर्प असायचा, तेवढीच काय ती त्याची माणसावर मेहेरबानी. मामांनी खोली घेतली तेव्हा गॅस कंपनीचा माणूस नळ तपासायला आला आणि सांगून गेला की वास आला की समजायचं, कुठेतरी गळतंय. मामांनी विचारलं, ज्याला वासच येत नाही त्याने काय करायचं? असा प्रश्न त्या माणसाला जन्मात कुणी विचारला नसावा. त्याने डोकं खाजवलं आणि निघता निघता म्हणाला, "मग शेजाऱ्याला विचारायचं."

तो थट्टेत म्हणाला असेल. मामांनी ते कायद्याचं कलम म्हणून घेतलं. त्या दिवसापासून शेजाऱ्याने नाक लावल्याशिवाय त्यांनी कधी काडी ओढली नाही. "आधी खिडकी, मग नाक, मग काडी," हा त्यांचा मंत्र होता, आणि चाळीतली पोरं तो पाढ्यांबरोबर म्हणायची. आगपेटी खोलीत ठेवायची नाही, ती गॅलरीत एका डब्यात. खिडकी उघडायची, ती पाऊस असो की वारा असो. मग शेजाऱ्याला बोलवायचं. शिवाय नाकावरही पूर्ण विश्वास नाही म्हणून दर शनिवारी नळाला साबण. लोक शनिवारी मारुतीला तेल घालतात, मामा दाढीच्या मगात फेस करून नळाच्या एकेका सांध्याला ब्रशने चोपडायचे आणि बुडबुडा येतो का हे बघत त्याच्यासमोर मांडी घालून बसायचे. गळत असेल तर फेस फुगतो. तेवढा वेळ गॅलरीत कुणी बोलायचं नाही. एकदा आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांनी हे बघून विचारलं, की तुम्ही नळाची दाढी करता का? मामा मागे वळूनही न बघता म्हणाले, "दाढी राहिली तर माणूस मरत नाही."

आणि ज्या शेजाऱ्याला ते विचारायचे, त्या आमच्या मजल्यावरच्या बाई. जिना चढून आलं की पहिली खोली त्यांची. म्युनिसिपालिटीच्या शाळेत शिकवायच्या. वय चाळिशीपुढचं, वडील लवकर गेले, धाकट्या भावंडांचं करता करता लग्नाचं वय निघून गेलं आणि भावंडं आपापल्या संसाराला दादर-माहीमकडे पांगली. अंगाने किरकोळ, बोलणं मोजकं, आणि नाक, मामांच्या शब्दांत, 'पहिला वर्ग पहिला'. कुठल्या पोराने शाळेत येताना विडी ओढली आणि कुणी नुसती ओढणाऱ्याच्या शेजारी बसून ऐट केली, हे त्या वर्गाच्या दारातून ओळखायच्या. सकाळी चहाच्या आधी आणि संध्याकाळी मामा पेढीवरून आले की बाई त्यांच्या उंबरठ्यावर येऊन उभ्या राहायच्या. मामांच्या कोटाच्या घमघमाटात काही कळायचं नाही, म्हणून त्या आधी त्यांना गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला पाठवायच्या. मग डोळे मिटून एक श्वास घ्यायच्या आणि एकच शब्द बोलायच्या, "लावा." की मामा काडी ओढायचे. सारी चाळ त्यांना मामा म्हणायची. बाईंनी मात्र तसं कधी म्हटलं नाही. त्या "अहो शेजारी" म्हणायच्या.

आता एवढ्या वर्षांत एखाद्याला दिवसातून दोनदा उंबरठ्यावर बोलवायचं आणि त्याच्याशी नुसतं गॅसचं बोलायचं, याला काय म्हणावं? सासूबाईंचा जीव तुटायचा. आपल्या माघारी या भावाचं कोण करणार, ही एकच काळजी त्यांना होती, आणि त्या काळजीवरचं औषध जिन्याच्या तोंडाशी राहतंय हे त्यांच्या बंद नाकालाही कळत होतं. एकदा त्यांनी सरळ विषय काढला. मामा कावरेबावरे झाले. बाई शिकलेल्या, आपण अत्तरवाल्याचा गुमास्ता. आणि उद्या त्या नाही म्हणाल्या आणि उंबरठ्यावर यायच्याही बंद झाल्या, तर? "आहे ते जाईल गं ताई," ते म्हणाले, आणि उठून नळाला साबण लावायला गेले. तो शनिवार नव्हता.

चळवळीत मामा पहिल्यापासून होते. चौपाटीवरची सभा त्यांनी चुकवली नाही, घोषणा देऊन देऊन आवाज बसायचा. पण मशालीची मिरवणूक गल्लीतून निघाली की घोषणा देता देता ते मशालवाल्यांना रस्त्यातल्या गॅसच्या दिव्यांपासून लांब धरा म्हणून दटावायचे. एकदा आमच्या कोपऱ्यावर पोलिसांनी अश्रुधूर सोडला. चाळीने पटापट खिडक्या लावून घेतल्या, फटींना ओली फडकी लावली. मामांनी एकट्यांनी आपली खिडकी उघडली, कारण त्यांची चहाची वेळ झाली होती आणि आधी खिडकी हा नियम होता. मग संध्याकाळभर ते डोळ्यांतून धारा गाळत बसले. बाईंनी दारातून विचारलं, एवढा कसला हट्ट? ते म्हणाले, "रडून माणूस मरत नाही." बाईंनी आपल्या खोलीतून ओला पंचा आणून दिला, तो मामांनी पुढे कितीतरी दिवस परत केला नाही.

आणि अखेर महाराष्ट्र झाला, मुंबईसकट झाला. त्या दिवशी संध्याकाळी गिरगावात घरोघर दिवे लागायचे होते. आमच्या चाळीने तर कंबरच कसली होती. पुढाऱ्यांनी लाकडी फळ्या जोडून महाराष्ट्राचा पुरुषभर उंचीचा नकाशा करवला होता. आदल्या दिवशी त्याला केशरी तेलरंग दिला, त्याच्यावर बाईंनी आपल्या वळणदार अक्षरात 'महाराष्ट्र' लिहिलं, आणि सकाळी तो पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी, येणाऱ्या प्रत्येकाला दिसेल असा लावायचा ठरला. चाळीच्या भिंती म्हणजे नुसता भुगा, खिळा ठोकला की बोटभर गिलावा खाली. तेव्हा पुढाऱ्यांची नजर भिंतीवरून जाणाऱ्या नळावर गेली. लोखंडी, जाडजूड, पिढ्यान्पिढ्या हललेला नाही. दोरखंडाने नकाशा त्या नळाला टांगला. मागे शोभा यावी म्हणून जिन्याची जाळी पांढऱ्या चादरींनी झाकली, खाली दाराला पडदा सोडला. मामा तेव्हा चाळीत असते तर नकाशा टांगणाऱ्यांनाच त्यांनी टांगलं असतं. पण ते पहाटेच पेढीवर गेले होते, सगळ्या मुंबईला त्या दिवशी गुलाबपाणी हवं होतं.

बाई सकाळपासून नकाशाखालीच बसल्या होत्या, शेकडो पणत्यांच्या वाती वळत. येणारेजाणारे जिन्यात पाऊल टाकताच म्हणायचे, काय रंगाचा वास आहे हो. बाईही तेच म्हणाल्या, आणि मग म्हणेनाशा झाल्या. दुपारी घरोघरी पुरण शिजत होतं, उदबत्त्या होत्या, झेंडूच्या माळा होत्या, त्यात रंगाकडे कोण लक्ष देतो? चारच्या सुमाराला बाई डोकं दुखतंय म्हणून उठल्या. उन्हाने असेल, सकाळपासून पोटात काही नाही म्हणून असेल. दिव्यांच्या वेळेला मला उठवा, असं मला सांगून त्या खोलीत गेल्या आणि आवाज नको म्हणून त्यांनी कडी लावून घेतली.

दिवेलागण जवळ आली तेव्हा मामा मागच्या जिन्याने वर आले, पुढचा पणत्या घेतलेल्या माणसांनी भरला होता. शेटजींनी दिलेला गुलाबपाण्याचा मोठा डबा त्यांच्या हातात होता, आणि चेहरा असा फुलला होता की मी तसा तो आधी कधी पाहिला नव्हता. आज चाळीतल्या प्रत्येकाला आपल्या हातचा चहा, असं त्यांनी जाहीर केलं. खिडकी उघडली. मग उंबरठ्याकडे बघितलं. उंबरठा रिकामा. बाईंचं डोकं दुखतंय, झोपल्यात, उठवू नकोस, असं सासूबाईंनी सांगितलं. मामांनी खिडकीकडे पाहिलं, चुलीकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत बाई आल्या नाहीत असं झालं नव्हतं. मग ते म्हणाले, "सूनबाई, तू ये."

मी गेले, डोळे मिटले, श्वास घेतला. मामांना गॅलरीच्या टोकाला पाठवायचं मात्र राहूनच गेलं, तेव्हा आधी त्यांचा कोटच आला. मी सांगितलं, की इथे तसं काही नाही, जिन्याकडून रंगाचा येतोय तेवढाच. मामांनी विचारलं, रंग कधी दिला? काल, मी म्हटलं. मग त्यांनी जे विचारलं ते विचारायला नाक लागत नाही. "सकाळपेक्षा आता कमी येतोय की जास्त?"

मी पुन्हा एक श्वास घेतला. सकाळी तो वास जिन्यात होता. आता तो गॅलरीत होता, थेट आमच्या दारापर्यंत. "जास्त," मी म्हटलं. मामांचा चेहरा पांढराफटक पडला. भर उन्हाळ्यात रंग वाळतो, त्याचा वास तासागणिक कमी व्हायला हवा, वाढायला नको. त्यांनी शनिवारचा मग उचलला, घाईघाईने गुलाबपाण्यातच फेस केला आणि डब्यासकट जिन्याकडे गेले. मी मागे. नकाशा बाजूला सारून त्यांनी मागच्या सांध्यावर ब्रश फिरवला, आणि तो फेस आमच्या डोळ्यांदेखत फुगला. एक बुडबुडा नव्हे, उतू जाणाऱ्या दुधासारखा वरवर आला. सबंध महाराष्ट्राच्या वजनाने तो सांधा दिवसभर सुटत होता. आणि सांध्याच्या वर, हातभर अंतरावर, बाईंच्या दारावरची उघडी झडप होती.

खाली जिन्यात पायरीपायरीला माणसं पणत्या घेऊन उभी. कोपऱ्यावरच्या देवळातली घंटा वाजली की लावायच्या, असं ठरलेलं. सगळ्यांत पुढे पुढारी, आगपेटी उघडून, काडी बोटांत धरून. घंटा वाजायला लागली होती. मामा ओरडले, "काडी ओढू नका." त्यांचा आवाज चळवळीत बसला होता तो कधी पुरता सुटलाच नव्हता, घंटेत तो विरून गेला. पुढाऱ्यांनी काडी पेटीला टेकवली. तेव्हा मामांनी गुलाबपाण्याचा डबा उचलला आणि सगळाच्या सगळा जिन्यात ओतला. पुढाऱ्यांच्या डोक्यावर, काडीवर, पेटीवर, हातांतल्या पणत्यांवर, दिवसभर वळलेल्या वातींवर. मग शिव्या सुरू झाल्या. महाराष्ट्र नको होता का याला, असंही कुणीतरी म्हणालं. अंधारात दिसेना म्हणून एकाने जिन्यातल्या विजेच्या बटणाकडे हात नेला, तर मामांनी त्याच्या हातावर साबणाचा ब्रश हाणला. "बटणाला हात नको. गॅस गळतोय. सगळे रस्त्यावर."

मग कुणी काही विचारलं नाही. पुढाऱ्यांनीच खाली धावत जाऊन मामांच्या सांगण्याप्रमाणे मीटरपाशी मुख्य चावी फिरवली; गुलाबपाणी निथळतंय आणि ते चावी फिरवतायत. मी आणि सासूबाईंनी चादरी ओरबाडून काढल्या, वारा आत आला. मामा बाईंच्या दाराशी होते. आधी हाक मारली, अहो बाई, अहो बाई. मग खांदा लावला. त्या मजल्यावर कुणी मामांना कधी जोरात दारसुद्धा लावताना पाहिलं नव्हतं. तिसऱ्या धडकेला कडी उखडली. बाई खाटेवर होत्या, चेहरा लालबुंद, हाक ऐकू जात नव्हती. मामांनी आधी त्यांची खिडकी उघडली आणि मग पुढाऱ्यांच्या मदतीने त्यांना उचलून मागच्या जिन्याने खाली नेलं.

समोरच्या इराण्याने खुर्ची आणून दिली, त्याच्याच दुकानातून कुणीतरी गॅस कंपनीला फोन लावला. पलीकडच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. मोकळी हवा, गर्दी करू नका, एवढंच म्हणाले आणि नाडी धरून बसले. मामा बाईंच्या पायाशी फुटपाथवर बसले. पुढारी धीर द्यायला म्हणाले, "मामा, तुम्हीच म्हणता ना, एवढ्याने माणूस मरत नाही." मामांनी वर पाहिलं. "मरतो," ते म्हणाले. "माणूस एवढ्यानेच मरतो." मग ते रडायला लागले, आणि त्या दिवशी अश्रुधूर नव्हता.

सगळं गिरगाव उजळलं होतं. गॅलऱ्यांतून, खिडक्यांतून दिवेच दिवे, ढोल, लेझीम. आमची एकटी चाळ काळोखात, आणि आम्ही सगळे ओल्या पणत्या घेऊन रस्त्यावर. जाणारी एक मिरवणूक आम्हाला विरोधी पक्षाचे समजून घोषणाही देऊन गेली. कितीतरी वेळाने बाईंनी डोळे उघडले. त्यांनी आधी आभाळाकडे पाहिलं, मग समोरच्या घरांकडे, मग आमच्या काळ्याकुट्ट चाळीकडे. खूप क्षीण आवाजात त्यांनी विचारलं, "आपले दिवे का नाही लावले?"

मामांनी पंच्याने डोळे पुसले. तो बाईंचाच पंचा होता.

"तुम्ही 'लावा' म्हणाला नाहीत," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी कंपनीच्या माणसांनी सांधा बसवला, आणि आमच्या चाळीचा महाराष्ट्र एक दिवस उशिरा साजरा झाला. पणत्या वाळवून पुन्हा वाती घातल्या. पुढारी आगपेटी हातात धरून बाईंच्या शब्दाची वाट बघत उभे राहिले. पण बाई उंबरठ्यावर आल्या आणि नाही म्हणाल्या. दिवसभर त्या नळाखाली बसून ज्या नाकाला वास आला नाही, त्या नाकाचा भरवसा काय? तो दर्प आपल्याला सकाळी आला होता, त्या म्हणाल्या, मग नाक त्याला सरावलं आणि गप्प बसलं. "अहो शेजारी, आता दुसरं नाक बघा. माझं काही कामाचं राहिलं नाही." असं बोलून त्या खरंच वळल्या. सारी गॅलरी ऐकत होती. सासूबाईंनी माझा हात असा आवळला की बांगडी रुतली. मामांनी घसा साफ केला, चष्मा काढला, परत लावला.

"नाक राहू दे," ते म्हणाले. "तुम्ही या."

बाई पाठमोऱ्याच उभ्या राहिल्या. मग हलक्या आवाजात म्हणाल्या, "लावा." पुढाऱ्यांनी काडी ओढली, आणि सासूबाईंनी त्या दिव्यांच्या उजेडात बारमाही सर्दी असलेलं नाक पदराने पुसून घेतलं.

त्यांचं लग्न त्याच वर्षी दिवाळीनंतर झालं, साधंच. मामांनी साबण सोडला नाही आणि बाईंनी उंबरठा सोडला नाही. फरक एवढाच, की बाई आता उंबरठ्याच्या आतल्या बाजूला उभ्या राहायच्या. त्यांना एकमेकांचा पंचवीसेक वर्षं सहवास लाभला. पुढे चाळ गेली, मामाही गेले. बाई आता दादरला भाच्याकडे असतात, खूप थकल्या आहेत. परवा मी भेटायला गेले तर म्हणाल्या, चहा तू कर, मला उभं राहवत नाही. त्याआधी त्यांनी कपाट उघडून मामांचा कोट मला दाखवला. इतक्या वर्षांनी त्याला अजून थोडासा वास आहे, केवडा, हिना, गुलाब, सगळं एकत्र. बाईंनी तो नाकाशी धरला. त्या म्हणाल्या, "सगळी चाळ ओळखायची गं. यांना मात्र कधी कळलंच नाही, किती छान वास यायचा ते."

मी स्वयंपाकघरात गेले. शेगडी नवी होती, लायटर होता, नळाचा गॅस आता दादरलाही आलाय. मी हात पुढे केला आणि थांबले. बाई भिंतीला धरून हळूहळू मागून आल्या होत्या. त्यांनी आधी खिडकी उघडली. मग उंबरठ्यात उभं राहून डोळे मिटले, एक श्वास घेतला आणि म्हणाल्या, "लाव." मी चहाचं आधण ठेवलं.